सीमेची विभक्ती

ऐका. चहा निवतो आहे तो निवू द्या. हे सांगण्याचे धैर्य मला पुन्हा होईलच असे नाही. छत्तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. त्या काळात विद्यार्थ्यांनी माझ्या बोलण्याचे नाही नाही ते अर्थ काढले. पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात माझ्या निर्दोष, व्याकरणशुद्ध बोलण्याने माझीच जी फजिती केली, तिला तोड नाही!

आधी एक कबुली. मी दत्तभक्त आहे. पहाटे स्नान, मग जप, गुरुवारी उपवास. काम, क्रोध, लोभ, मोह आणि मद हे पाच शत्रू आपण बऱ्यापैकी नमवले आहेत, असा माझा समज होता. (हा समज म्हणजेच मद, हे आत्ता सांगताना लक्षात येते आहे. असो.) सहावा शत्रू मत्सर. तो आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला, त्याला मी तरी काय करणार?

त्याचे नाव सीमा परब.

बाई मालवणकडची, वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, ठाण्याला कुठल्याशा कार्यालयात नोकरीला. तिने माझे काहीही वाकडे केले नव्हते. तिने फक्त वडे केले होते.

आमच्या आवारात औदुंबराखाली दत्ताचे छोटे मंदिर आहे. दत्तजयंतीला सायंकाळी जन्म, आरती आणि मग महाप्रसाद. दोनशे पाने उठतात. वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, घेवड्याची भाजी आणि पुरणपोळी, असा बेत. या स्वयंपाकाची प्रमुख गेली सहा वर्षे सीमा. हातात कागद नाही, नियोजन नाही, एकही आकडेमोड नाही! नुसती मान इकडे हलवायची, तिकडे हलवायची, की बायका कामाला लागतात. आणि तिचे वडे? टम्म. असे फुगतात की पाहणाऱ्याला सात्त्विक संताप यावा.

या सहा वर्षांत माझ्याकडे काय होते, सांगा पाहू? मीठ. पंगतीत मीठ वाढणे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या बाईने, डावीकडून सुरुवात करून, पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढायचे!

त्यातून आमचे हे. गेल्या वर्षी पंगतीत नऊ वडे खाल्ले. मी मोजले. दुसऱ्या दिवशी मी घरी मुद्दाम पुरणपोळी केली.

"कशी झाली आहे?" मी विचारले.

"शिस्तीत झाली आहे," हे म्हणाले.

शिस्तीत! पोळीला कुणी असे म्हणते का? मी त्या दिवशी दत्तापुढे बसून म्हटले, महाराज, मला मोठेपणा नको. पण साधनसंपत्तीचा योग्य विनियोग हा माझा विषय आहे, आणि तुमच्याच दारात तो अशास्त्रीय पद्धतीने चालला आहे. एकदा मला संधी द्या.

महाराजांनी ऐकले. महाराज सगळेच ऐकतात, म्हणून मागताना जपून मागावे.

यंदा सोसायटीचे सचिव मोरे यांनी महाप्रसादाची बैठक बोलावली. आदल्या आठवड्यात सीमाच त्यांना म्हणाली होती, "दरवर्षी मीच का? दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर करू दे की." म्हणजे जागा रिकामी! मी तीन दिवस तयारी केली. मोठा तक्ता आणला. त्यावर दोन अक्ष आखले. आडव्या अक्षावर वडे, उभ्या अक्षावर पुरणपोळ्या, आणि दोहोंना जोडणारी देखणी, बाहेरच्या बाजूला फुगलेली रेषा. वर ठळक अक्षरांत शीर्षक: उत्पादन शक्यता सीमा.

शास्त्र अगदी सोपे आहे. बायका आठ, शेगड्या दोन, वेळ चार तास. सगळे बळ वड्यांना लावले तर पोळी एकही नाही. सगळे पोळ्यांना लावले तर वडा एकही नाही. अधल्यामधल्या जेवढ्या जोड्या शक्य आहेत, त्यांची रेषा म्हणजे सीमा. रेषेच्या आत राहिलात तर काहीतरी वाया जाते आहे. रेषेबाहेर जाणे शक्यच नाही. रेषेवर राहावे, हेच शहाणपण. यात कुठे काही संदिग्ध आहे का? तुम्हीच सांगा!

संदिग्ध होती ती माझी एक सवय. हल्लीची मंडळी 'सीमाला सांग', 'शोभाचा फोन आला' असे म्हणतात. माझ्या कानाला ते खुपते. आकारान्त स्त्रीलिंगी नाम आहे. विभक्ती लागली की 'सीमेला', 'शोभेचा' असेच व्हायला हवे. आम्हाला असेच शिकवले, आणि मी असेच बोलते. सोसायटीत यावरून मागे हसतातही. पण मी कुणाच्या हसण्यासाठी व्याकरण सोडलेले नाही.

बैठकीला पंधरा-सोळा जण जमले. सीमा शेवटच्या खुर्चीवर बसली होती. मी तक्ता भिंतीला लावला आणि उभी राहिले.

"हे काय, कढई उपडी घातली आहे का?" पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींनी तक्त्याकडे पाहून विचारले.

मी दुर्लक्ष केले. "आपली साधने मर्यादित आहेत," मी सुरुवात केली. "त्या साधनांत किती वडे आणि किती पोळ्या होतील, हे आपल्या इच्छेवर नसते. ते ठरवते ती सीमा."

"बरोबर," मोरे म्हणाले. "सीमाच ठरवते."

मला समाधान वाटले. मनात आले, मोरे दिसतात त्यापेक्षा समजूतदार आहेत.

"गेल्या वर्षी दोन बाया तासभर रिकाम्या बसल्या होत्या. एक शेगडी रिकामी जळत होती. याचा अर्थ काय? आपण सीमेपर्यंत पोहोचलोच नाही!"

"खरं आहे हो!" कुलकर्णी वहिनी कळवळून म्हणाल्या. "तिच्यापर्यंत कोण पोहोचणार? मी तर दोन पोळ्यांत घामाघूम."

"आपण सगळे सीमेच्या मागे राहिलो."

"तिच्या मागे मागेच करत होतो आम्ही. ती सांगेल ते."

काहीतरी घसरते आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण वर्गात मुले मान डोलवतात तेव्हा शिक्षकाला जी धुंदी चढते, ती ज्याने शिकवले आहे त्यालाच ठाऊक. सगळे माना डोलवत होते! मी आवाज चढवला.

"आणि सीमेच्या पलीकडे जाण्याची स्वप्ने कुणी पाहू नयेत. सीमेला ओलांडणे आज आपल्यापैकी एकालाही शक्य नाही. मलाही नाही!"

मग मागून कुणीतरी म्हणाले, "बाईंचं मन बघा किती मोठं! झकास बोलल्या!" आणि टाळ्या.

मी नम्रतेने मान लववली. लववली हो! ती टाळी माझ्या शास्त्राला आहे, अशा समजुतीने.

"बाई, पण समजा माणसं वाढली, तर?" मोऱ्यांनी विचारले. "यंदा अडीचशे पानं होतील."

प्रश्न उत्तम होता. "तर सीमेला जागेवरून हलवावे लागेल."

"सीमाताईंना हलवायचं?" मोरे दचकले. "का?"

"ती आपोआप हलणार नाही. त्यासाठी साधने वाढवा. आणखी एक शेगडी द्या, दोन माणसे द्या. मग सीमा कुठच्या कुठे पोहोचते पाहा!"

"मग हे आधी सांगायचं ना! देऊ की शेगडी!" मोऱ्यांनी वहीत लिहून घेतले. "सीमाताई दोन वर्षं मागतायत, कमिटी ऐकत नव्हती. आता बाईच म्हणतायत म्हटल्यावर काय! तिसरी शेगडी मंजूर."

दोन वर्षे मिळाली नाही ती शेगडी तिला मी मिळवून दिली? मी शेवटच्या खुर्चीकडे पाहिले. सीमेने ओढणी तोंडाला लावली होती, खांदे हलत होते. मला वाटले, तिला भरून आले आहे.

घाईघाईने मुद्द्यावर येणे भाग होते. माझे वाक्य असे ठरले होते: 'आधी सीमा निश्चित करा, आणि त्याप्रमाणे नियोजन करण्याचे काम माझ्यावर सोपवा.' वाक्य निर्दोष आहे. पण त्यात एक स्वल्पविराम आहे, आणि तिथे मी श्वास घेतला.

"म्हणून माझा एकच प्रस्ताव आहे," मी म्हटले. "आधी सीमा निश्चित करा,"

"निश्चित!" मोऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "महाप्रसाद प्रमुख, सीमा परब. सूचक, देसाई बाई. अनुमोदक कोण?"

चौदा हात वर. त्यांत एक हात आमच्या ह्यांचा होता!

"अहो थांबा!" मी ओरडले. सभेत ओरडण्याची ती माझी पहिलीच वेळ. "मी त्या सीमेविषयी बोलत नव्हते!"

"मग कुठल्या? सोसायटीत दुसरी सीमा नाही."

"ही!" मी तक्त्यावर पट्टी आपटली. "ही वक्र सीमा!"

"वक्र?" कुलकर्णी वहिनींच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "अहो बाई, इतकं चांगलं बोललात आणि आता एकदम असं?"

"वक्र म्हणजे सरळ नसलेली!"

"कळतं हो आम्हाला मराठी. पण तोंडावर म्हणायचं का?"

"अहो, ती वक्रच असते! बाहेरच्या बाजूला फुगलेली असते, हे कुठल्याही पुस्तकात दिले आहे!"

आता सीमा अंगाने जरा भरलेली आहे, हे मी तुम्हाला सांगायचे राहिले. ते मी बोलून गेल्यावर माझ्याही लक्षात आले. पंधरा माणसे माझ्याकडे पाहत होती. माझ्यापुढे दोनच मार्ग उरले. एक तर सीमा परब ही आपल्या सर्वांहून श्रेष्ठ आहे, असे मी भरसभेत म्हटले असे मान्य करणे. नाहीतर मी तिला वाकडी आणि जाडी म्हटले असे मान्य करणे. तिसरा मार्ग अर्थशास्त्राचा, तो कुणालाच नको होता.

मी खाली बसले. "सीमा निश्चित," मी पुटपुटले.

पुन्हा टाळ्या!

घरी येताना हे म्हणाले, "आज तू मला जिंकलंस. तुला तिचा हेवा वाटतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं बघ."

"मला? हेवा?" मी म्हटले, आणि कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पाडली.

दुसऱ्या दिवसापासून नवेच संकट. जिन्यात, मंदिरात, दुधाच्या रांगेत मला लोक नमस्कार करू लागले. "स्वतःचा मान सोडून दुसऱ्याला पुढे करणाऱ्या बाई!" माझ्या मनात काय होते ते मला ठाऊक, आणि औदुंबराखालच्या तीन शिरांना ठाऊक. सहा डोळे समोरून पाहत असताना खोटे पुण्य स्वीकारणे किती अवघड असते, याची तुम्हाला कल्पना नाही. मी जपाला बसले की माळ पुढे सरकेना.

दत्तजयंतीच्या दुपारी दोन वाजता मी पदर खोचून सभागृहात गेले. म्हटले, निदान पोळ्या तरी लाटीन. तर सीमेने एक खुर्ची आणून ठेवली.

"बाई, तुम्ही इथे बसा. तुम्ही नुसतं बघायचं."

"अगं, पण काम?"

"तुम्ही माझं नाव सुचवलंत. तुमच्याकडून काम करून घेऊ काय? बरं दिसेल का ते?"

मीठसुद्धा गेले! सहा वर्षे हक्काचे होते ते मीठही दुसऱ्या कुणाला दिले होते. चार तास मी खुर्चीवर बसून माझ्या मत्सराचे मूर्त रूप पाहत राहिले. आणि सांगायला जीभ जड होते, पण पाहिले ते असे.

तिसऱ्या शेगडीवर सांबारे. पहिल्या दोहोंवर एकीकडे वड्यांची कढई, दुसरीकडे पोळ्यांचा तवा. मालवणी बायका वडे थापायला, कुलकर्णी वहिनी आणि त्यांच्या गटातल्या पोळ्यांना. कुणीही रिकामी नाही, कुणाचा हात दुसरीच्या हाताला आपटत नाही. "अगो, तेल बघ, धूर येता हा!" एवढीच काय ती ओरड. साडेचारच्या सुमारास पोळ्या मागे पडल्या. मी खुर्चीत सरसावून बसले. आता चुकणार! आता ही सीमा वड्यांवरची सगळ्यांत तरबेज बाई उचलून तव्यावर नेणार, आणि एका पोळीपायी दहा वडे गमावणार!

सीमेने नुसती मान वळवून एकवार पाहिले. जिचे वडे थापताना फाटत होते, नेमकी तीच तिने हलवली. "तू पुरण भर गो. तुझा हात मऊ आहे." वडे जवळजवळ तितकेच राहिले, पोळ्या भराभर वाढल्या. थोड्या वेळाने आणखी एक हलवली, तीही दुसऱ्या क्रमांकाची कच्ची. तिसरी वड्यांत तरबेज होती, तिला हात लावला नाही, तिथे थांबली.

कमीत कमी वडे सोडून जास्तीत जास्त पोळ्या मिळवायच्या, हे मी फळ्यावर छत्तीस वर्षे काढले होते. डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी. आणि दाखवत कोण होती? जिने आयुष्यात कधी आलेख पाहिला नसेल, असे मी गृहीत धरले होते, ती! कौतुक आणि जळफळाट एकाच भांड्यात उकळले की कसा वास येतो, तो मला तेव्हा येत होता.

जन्म झाला, पाळणा हलला, आरती झाली. आरतीनंतर मोऱ्यांनी ध्वनिक्षेपक घेतला. "आजच्या महाप्रसादाचं श्रेय द्यायचं, तर ते आपल्या देसाई बाईंच्या निरपेक्ष बुद्धीला..."

निरपेक्ष! देवासमोर! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण मुलुंड पूर्वेला सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले आहेत.

शेवटची पंगत उठली. बायका आवराआवर करत होत्या. सीमा ओट्याशी एकटी, वड्याचे उरलेले पीठ गोळा करत होती. मी गेले आणि उभ्याउभ्याच म्हटले, "सीमे, मला एक सांगायचे आहे. त्या दिवशी मी तुझे नाव सुचवले नव्हते. मला स्वतःला प्रमुख व्हायचे होते. सीमा म्हणजे ती रेषा. मी त्या रेषेविषयी बोलत होते. तुझ्याविषयी मला..." मी ओट्यावरचा पिठाचा एक ठिपका पुसला. "मत्सर वाटतो. सहा वर्षे वाटतो आहे."

ती पीठ गोळा करायची थांबली. मला वाटले, रडेल किंवा रागावेल.

"ठाऊक आहे, बाई," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"दोन्ही. उत्पादन शक्यता सीमा. बी.कॉम.ला होती की आम्हाला. मी फर्स्ट क्लास आहे, बाई. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"म्हणजे सभेत तुला सगळे कळत होते?"

"पहिल्या वाक्यापासून. हसून हसून पोटात दुखत होतं. ओढणी चावून बसले होते मी."

"आणि तू गप्प राहिलीस? मी तोंडघशी पडत असताना?"

"काय बोलणार, बाई!" तिने हात झटकले. "सहा वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलत होता. चुकून का होईना! म्हटलं, बोलू दे. एरवी कधी बोलला असता?"

तिने ओट्यावर सांडलेले पीठ तळहाताने सपाट केले. त्यात बोटाने एक उभी रेघ ओढली, एक आडवी ओढली, आणि दोहोंना जोडणारी एक लांबलचक कमान काढली. बाहेरच्या बाजूला डौलदार फुगलेली. "अशीच ना? वक्र आणि जाड?" ती म्हणाली.

मी वाकून निरखून पाहिले. खोट शोधली. छत्तीस वर्षांत इतका सुरेख आलेख एकाही विद्यार्थ्याने काढला नव्हता. डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पवित्र क्षणी माझ्या तोंडून काय निघावे?

"अक्षांना नावे दिलेली नाहीत. एक गुण कापला."

सीमेने माझ्याकडे पाहिले. मग शांतपणे टोपलीतला एक टम्म वडा उचलला आणि आडव्या रेघेखाली ठेवला. पोळीचा एक तुकडा उभ्या रेघेशेजारी ठेवला.

"आता?"

पाचपैकी पाच द्यावे लागले हो! दिले. पण मोठ्याने म्हटले नाहीत.